निवडुंगाचा खरा शत्रू नागपूरचा पावसाळा

नागपुरात रोपवाटिकेतून निवडुंग घेताना ‘याला काही करावे लागत नाही’ अशी हमी हमखास मिळते. २०१३च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेलेल्या शहरात ही हमी कोणालाही पटेल. पण कुंडीतला निवडुंग इथे सहसा मे महिन्यात मरत नाही, तो ऑगस्टमध्ये बुडापासून सडतो. वर्षाच्या सुमारे हजार मिलिमीटर पावसातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यात कुंडीत आपली नेहमीची काळी किंवा मोरंड माती असेल, तर ती ओली होऊन फुगते, हवा कोंडते आणि मुळे गुदमरतात. म्हणून मातीत निम्म्याहून अधिक जाड रेती व विटांचे बारीक तुकडे, तळाला मोठे भोक असलेली मातीची कुंडी आणि पावसाळाभर डोक्यावर पारदर्शक छप्पर, एवढी काळजी घ्यावीच लागते. ‘काही करावे लागत नाही’ या वाक्याने जितकी झाडे मारली, तितकी उन्हाने मारली नसतील, असे माझे मत आहे.

कोणी म्हणेल, एवढ्या उन्हात रोज पाणी दिलेच पाहिजे. पण निवडुंग आपली रंध्रे रात्री, हवा गार झाल्यावर उघडतो. मे महिन्यात नागपूरच्या रात्रीही तापलेल्या असतात, त्यामुळे अनेक जाती तेव्हा वाढ जवळपास थांबवतात. अशा वेळी त्यांना दुपारी हिरव्या जाळीची सावली हवी आणि पाणी बेताचेच, तेही संध्याकाळी. फुलांचा प्रश्न मात्र हिवाळ्यात सुटतो, आणि तिथे नागपूर मुंबईपेक्षा भाग्यवान आहे. मॅमिलेरिया, पॅरोडिया, एकिनॉप्सिस या जातींना कळ्या धरण्यासाठी थंड, कोरडी विश्रांती लागते. आपल्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री ती फुकट देतात. नोव्हेंबरपासून पाणी जवळजवळ तोडावे, भरपूर ऊन द्यावे, फेब्रुवारीत हळूहळू पाणी सुरू करावे. माया म्हणून वर्षभर पाणी आणि शेणखत घालत राहिले, तर झाड गुबगुबीत होते आणि फुलत नाही.

काटेरी झाड घरात अशुभ, हा आक्षेप वास्तुशास्त्राच्या नावाने घेतला जातो. तो घेणाऱ्या कित्येक घरांत पावसाळ्याच्या रात्री फुललेल्या ब्रह्मकमळाची पूजा होते, आणि ते झाड मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा निवडुंगच आहे. ते जंगलात इतर झाडांच्या आधाराने वाढते. म्हणून त्याला सावली, ओलावा आणि पालापाचोळ्याचे खत मानवते; वरचा कोरडेपणाचा नियम त्याला लावू नये. त्याचे फूल सकाळपर्यंत मिटते, तरी आपण त्यासाठी जागतो. मग मॅमिलेरियाच्या डोक्यावर आठवडेच्या आठवडे टिकणारे फुलांचे कडे दुर्लक्षित का राहावे? परदेशी झाडे पसरतील, ही भीती अधिक गंभीर आहे. फड्या निवडुंगाने भारतात मोठाले पट्टे व्यापले होते आणि त्याच्या बंदोबस्तासाठी १९२६मध्ये श्रीलंकेतून कोचिनिल कीटक आणावा लागला. त्यामुळे फड्याचे तुकडे नाल्यात किंवा मोकळ्या प्लॉटवर कधीच टाकू नयेत. मॅमिलेरियासारख्या कुंडीतल्या लहान गोलाकार जातींकडून आपल्या हवेत तसा धोका दिसत नाही.

माझी तक्रार विक्रीच्या पद्धतीबद्दल आहे. लाल-पिवळ्या गोळ्याचे कलमी निवडुंग सर्वांत आधी खपतात. त्या गोळ्यात हरितद्रव्य नसते. तो खालच्या हिरव्या खुंटावर जगतो आणि काही वर्षांतच संपतो. ग्राहकाला हे सांगितले जात नाही, मग झाड गेले की तो स्वतःच्या हाताला दोष देतो आणि पुन्हा निवडुंगाच्या वाटेला जात नाही. स्वतःच्या मुळांवर वाढलेले रोप आणि त्यासोबत ‘पावसात ठेवू नका, हिवाळ्यात पाणी तोडा’ एवढी एक चिठ्ठी देणे कोणत्याही रोपवाटिकेला जड नाही, आणि ग्राहकांनी ती मागायला हवी.