मुळांची मैत्रीण

'बुरशी' म्हटलं की आपल्या नाशिकच्या द्राक्षबागायतदाराच्या पोटात गोळाच येतो. भुरी पडली की घड वाया! पण गंमत म्हणजे त्याच वेलीच्या मुळांत दुसरी एक बुरशी मैत्रीण होऊन राहते. तिचे केसाहून बारीक धागे मातीत दूरवर पसरतात आणि वेलीला स्फुरद आणून देतात. बदल्यात वेल तिला साखर देते. या जोडीला १८८५ साली फ्रँक या जर्मन शास्त्रज्ञाने नाव दिलं मायकोरायझा, म्हणजे 'बुरशी-मूळ'.

एकदा आमच्या वर्गाने मुळं स्वच्छ धुऊन रोपं लावली. नाजूक मुळं तुटली, धागेही गेले. रोपांनी माना टाकल्या! तुम्ही मात्र रोप मातीसकट लावा हं!