खलनायकाचा पत्ता ठरलेला

सोलमधली देरिम-दोंग ही वस्ती कोरियन गुन्हेपटांच्या प्रेक्षकाला तिथे न जाताही ओळखीची वाटते. अरुंद गल्ल्या, चिनी पाट्या आणि हातात सुरे घेतलेली माणसं. २०१७ मधल्या ‘मिडनाइट रनर्स’मध्ये पोलीस अकादमीतले दोन विद्यार्थी पळवून नेलेल्या मुलीच्या मागावर इथे येतात. इथे पोलीससुद्धा फिरकत नाहीत, असं टॅक्सीवाला त्यांना सांगतो. त्याच वर्षीच्या ‘द आउटलॉज’मधला क्रूर टोळीप्रमुखही चीनमधूनच आलेला.

पडद्यावरच्या या टोळ्या जोसॉनजोकांच्या, म्हणजे चिनी नागरिकत्व असलेल्या कोरियन वंशाच्या लोकांच्या. एकोणिसाव्या शतकात आणि पुढे जपानी राजवटीत मांचुरियात गेलेल्या कुटुंबांचे हे वंशज. १९९२ मध्ये दक्षिण कोरिया आणि चीन यांच्यात राजनैतिक संबंध जुळले, तेव्हापासून ते पूर्वजांच्या देशात पोट भरायला येऊ लागले. बांधकामावर, खाणावळीत, म्हाताऱ्यांच्या सेवेला. गुन्हेपटांत मात्र ही कष्टाची कामं जवळपास दिसतच नाहीत. शिवाय हे सिनेमे सबटायटल्सवर पाहणाऱ्या आपल्याकडच्या प्रेक्षकाला खलनायकाच्या बोलण्यातला वेगळा हेल कळत नाही. एका अल्पसंख्य समाजाकडे बोट दाखवलं जातंय, हे त्याच्या लक्षातही येत नाही.

देरिम-दोंगच्या रहिवाशांच्या मात्र ते लगेच लक्षात आलं. ‘मिडनाइट रनर्स’विरुद्ध जोसॉनजोक कोर्टात गेले. खालच्या कोर्टात ते हरले. पण २०२० मध्ये अपिलात कोर्टाने निर्मात्यांना माफी मागण्याची शिफारस केली आणि निर्मात्यांनी ती मागितली. ज्यांना रोज त्या पत्त्यावर घरी परतायचं असतं, त्यांच्यासाठी ही माफी मोलाची होती.

गुन्हेपटात गुन्हेगार असणारच, हा युक्तिवाद ठरलेला असतो. ‘द आउटलॉज’ तर खऱ्या पोलीस कारवाईवर बेतलेला आहे. पण गुन्हेगार परका दाखवू नका, अशी मागणी कोणी करत नाही. त्या परक्या माणसाला पूर्वायुष्य द्या, मन द्या, एवढंच मागणं आहे, आणि कोरियन सिनेमाला ते उत्तम जमतं. पार्क चान-वूक यांचा ‘डिसिजन टू लीव्ह’ (२०२२) पाहावा. डोंगरावरून पडून एक माणूस मरतो आणि संशय त्याच्या चिनी बायकोवर येतो. सो-रे बेकायदा जहाजाने आलेली, वृद्धांची शुश्रूषा करणारी. नवरा इमिग्रेशन खात्यातला निवृत्त अधिकारी, म्हणजे देशात राहू देणारा आणि घरात मारझोड करणारा माणूस एकच. तिचे आजोबा कोरियाच्या स्वातंत्र्यासाठी मांचुरियात लढलेले. दिग्दर्शक तिला निष्पाप ठरवून मोकळं करत नाही, तरी तिच्या प्रत्येक कृतीमागचं कारण प्रेक्षकाला कळत जातं. या भूमिकेसाठी तांग वेई यांना कोरियातला ब्लू ड्रॅगन पुरस्कार मिळाला. सर्वोत्कृष्ट अभिनेत्री म्हणून तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या परदेशी अभिनेत्री.

पार्क यांचं हे भान नवं नाही. कोरियाच्या मानवी हक्क आयोगाने काढलेल्या २००३ च्या लघुपटमालिकेत त्यांनी एका नेपाळी कामगार स्त्रीची खरी कहाणी मांडली होती. पोलिसांनी तिला मनोरुग्ण कोरियन बाई समजून मनोरुग्णालयात धाडलं आणि ती सहा वर्षांहून अधिक काळ तिथेच अडकली. ती नेपाळी बोलते, हे ओळखायची तसदी कोणी घेतली नाही.

तरी ‘डिसिजन टू लीव्ह’पेक्षा ‘द आउटलॉज’ला थिएटरात कितीतरी अधिक गर्दी झाली, आणि वस्तीबद्दलचं लोकांचं मत ती गर्दी घडवते. म्हणून लक्ष लोकप्रिय सिनेमाकडेच हवं. ‘द आउटलॉज’मधला जांग ई-सू हा जोसॉनजोक गुंड प्रेक्षकांना इतका आवडला, की दुसऱ्या आणि चौथ्या भागात तो परत आला, पोलिसाला मदत करणारा विनोदी साथीदार म्हणून. ही सुधारणा आहे, पण अपुरी. याच मालिकेत एखादा जोसॉनजोक पोलीस तपासाची सूत्रं हाती घेताना दिसायला हवा.