रेंज गेली तरी धडा उघडावा

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, पुढे राज्याच्या पुस्तकांतही ते आले, आणि 2020मध्ये गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइज मिळाले. मराठी शाळेचा याहून मोठा गौरव मला आठवत नाही. पण कोड स्कॅन केला तरी धडा उघडायला इंटरनेट लागते, आणि वैजापूर तालुक्यातल्या शेतवस्तीवर घोडे तिथेच अडते. शिवाय घरातला एकुलता एक फोन दिवसभर कापूस वेचणाऱ्या आईवडिलांबरोबर शेतात असतो, पोराच्या हाती येतो तो दिवेलागणीला. सकाळी अकराचा थेट ऑनलाइन तास त्याच्या काय कामाचा? वेबवर यावर उपाय तयार आहे. ब्राउझरमधला ‘सर्व्हिस वर्कर’ नावाचा छोटा प्रोग्राम धडा, चित्रे, चाचणी एकदा फोनमध्ये साठवतो; मग रेंज नसतानाही पान उघडते, आणि नीट बांधलेल्या संकेतस्थळावर मुलाने लिहिलेली उत्तरे रेंज येताच गुरुजींकडे पोहोचतात. वेगळे अ‍ॅप उतरवायला नको, त्यामुळे मेमरी भरत आलेल्या जुन्या फोनवरही भागते. ब्राउझरमधून थेट व्हिडिओ संवाद घडवणारे वेबआरटीसी 2021मध्ये अधिकृत मानक झाले, तेही चांगलेच. पण आपल्याकडे आधी साठवता येणारा धडा हवा. शिक्षणासाठी नवे संकेतस्थळ करून घेताना जिल्हा परिषदेने ते इंटरनेट बंद ठेवून चालवून दाखवण्याची अट निविदेतच घालावी, आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनी पुढच्या बैठकीत ही मागणी लेखी द्यावी.