नाव बदलावे, औषध बदलू नये

जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरून पिंपरीतून जाताना हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कारखान्याचे आवार लागते. येथील जुनी मंडळी त्याला आजही 'एचए कंपनी' याच नावाने ओळखतात. पिंपरी-चिंचवडला मोटारींची आणि यंत्रांची नगरी असा लौकिक मिळण्यापूर्वी पिंपरीचे नाव देशभर झाले ते पेनिसिलीनमुळे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने केंद्र सरकारने १९५४ साली हा कारखाना स्थापन केला आणि १९५५ मध्ये येथे पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. सार्वजनिक क्षेत्रातील हा देशाचा पहिला औषध कारखाना. 'हॅमायसिन' हे बुरशीविरोधी औषधही येथील संशोधकांनीच शोधले. परदेशातून येणारे महागडे औषध आपल्या देशात, आपल्या माणसांच्या हातून तयार व्हावे आणि ते सामान्यांना परवडावे, हा त्या उभारणीमागील साधा हेतू होता.

पुढे या कारखान्याला अवकळा आली. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याची अतिरिक्त जमीन विकून देणी फेडण्याचा आणि धोरणात्मक विक्रीचा निर्णय घेतला. तो इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे. परंतु ज्या प्रश्नासाठी तो कारखाना उभा राहिला, तो प्रश्न भोसरीपासून चाकणपर्यंतच्या प्रत्येक वस्तीत आजही उभा आहे. कंत्राटी कामगाराच्या घरात मुलाला ताप येतो, डॉक्टर पाच दिवसांचे प्रतिजैविक लिहून देतात, औषधाच्या दुकानात किंमत ऐकल्यावर दोनच दिवसांच्या गोळ्या घेतल्या जातात. ताप उतरला की उरलेल्या तीन दिवसांचा विषय निघतच नाही. शेजारी कोणी म्हणते, 'जेनेरिक घ्या, स्वस्त मिळते.' दुसरा म्हणतो, 'स्वस्तातले औषध लागू पडत नाही.' या दोन सल्ल्यांच्या मध्ये सापडलेल्या कुटुंबाने काय करावे?

आमचे उत्तर स्पष्ट आहे. प्रतिजैविकाचा स्वस्त पर्याय अवश्य घ्यावा, मात्र तो डॉक्टरांच्या संमतीने घ्यावा, घटक आणि मात्रा जुळवून घ्यावा आणि सांगितलेले सर्व दिवस घ्यावा. या तीन अटींपैकी एकही सुटली, तर वाचलेला पैसा पुढे महागात पडतो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'ब्रँडेड' म्हणजे अस्सल आणि 'जेनेरिक' म्हणजे दुय्यम, ही समजूत चुकीची आहे. नित्य वापरातील बहुतेक प्रतिजैविकांच्या पेटंटची मुदत केव्हाच संपली आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या द्रव्यावर नव्हे, तर केवळ ते बनविण्याच्या प्रक्रियेवर पेटंट मान्य केले. २००५ पर्यंत ही व्यवस्था टिकली आणि तिच्याच बळावर भारतीय औषध उद्योग वाढला. आज नामांकित कंपनीच्या आकर्षक वेष्टनातील अमोक्सिसिलीन आणि साध्या वेष्टनातील अमोक्सिसिलीन ही मुळात एकाच द्रव्याची दोन रूपे आहेत. चाकणच्या कामगाराला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. एकाच ड्रॉइंगप्रमाणे, त्याच टॉलरन्समध्ये बनलेला सुटा भाग मोठ्या कंपनीच्या खोक्यात गेला की त्याची किंमत वाढते, हे तो रोज पाहतो. मात्र ड्रॉइंग न पाळता बनवलेला भाग यंत्र बिघडवतो, हेही तोच जाणतो. औषधाचे ड्रॉइंग म्हणजे त्याचा घटक, त्याची मात्रा आणि त्याचे स्वरूप.

येथेच खरी सावधगिरी हवी. सेफिक्झाइम आणि सेफुरोक्झाइम या नावांत साम्य आहे, पण ती दोन वेगळी औषधे आहेत. एकाऐवजी दुसरे देणे म्हणजे पर्याय नव्हे, तो उपचारातील बदल होय. अमोक्सिसिलीन आणि क्लाव्हुलॅनिक आम्ल यांच्या मिश्रणाची '६२५'ची गोळी म्हणजे ५०० अधिक १२५ मिलिग्रॅम. '३७५'च्या गोळीत २५० अधिक १२५ असतात. म्हणून ६२५ मिळाली नाही तर ३७५च्या दोन गोळ्या घेतल्या, हा हिशेब चुकतो. त्यात क्लाव्हुलॅनिक आम्ल दुप्पट जाते आणि पोट बिघडते. लहान मुलांच्या पातळ औषधात पाच मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम असे दोन प्रकार येतात. बाटली बदलली आणि चमच्याचे माप तेच राहिले, तर मुलाला निम्मे किंवा दुप्पट औषध जाते. आणखी एक धोका ज्यांना पेनिसिलीनची ॲलर्जी आहे त्यांचा. नवे व्यापारी नाव वाचून त्यात पेनिसिलीनच्या कुळातील द्रव्य आहे हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. म्हणून पट्टीवरील मोठ्या अक्षरांतील नाव नव्हे, त्याखालील बारीक अक्षरांतील घटक वाचण्याची सवय घरोघरी लागली पाहिजे.

दुसरा मुद्दा कायद्याचा आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतील नियम ६५ अन्वये, अनुसूची 'एच'मधील औषध चिठ्ठीवर ज्या नावाने लिहिले असेल, त्याऐवजी दुसरे उत्पादन देण्याचा अधिकार विक्रेत्याला नाही, मग त्यातील घटक तोच का असेना. अर्थात, दुकानाच्या काउंटरवर 'हेच आहे, घेऊन जा' असे म्हणत झालेली अदलाबदल नियमाला धरून नसते. २०१४ पासून काही महत्त्वाच्या प्रतिजैविकांसाठी अनुसूची 'एच-१' लागू झाली असून, त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवहीत नोंद ठेवणे आणि ती तीन वर्षे जपणे विक्रेत्याला बंधनकारक आहे. तेव्हा पर्याय हवा असेल, तर तो मागण्याची खरी जागा दवाखाना ही आहे. 'डॉक्टरसाहेब, या औषधाचे मूळ नाव लिहून द्याल का? जेनेरिक घेतले तर चालेल का?' हे दोन प्रश्न विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. मूळ नाव लिहिलेली चिठ्ठी हाती असली, की स्वस्त औषध घेण्याचा मार्ग रीतसर खुला होतो.

डॉक्टरांवरही हे बंधन आहेच. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी औषधे शक्यतो मूळ नावाने लिहावीत असे सांगितले होते. २०१६ च्या दुरुस्तीने ते सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहिण्याची अपेक्षा व्यक्त केली. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने अधिक कठोर नियम आणले, मात्र डॉक्टरांच्या विरोधानंतर त्याच महिन्यात ते स्थगित झाले. डॉक्टरांचा आक्षेप असा होता की, गुणवत्तेची हमी नसताना मूळ नाव लिहिले तर औषधाची निवड डॉक्टरच्या हातून दुकानदाराच्या हाती जाईल. हा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. ज्या मालावर नफा अधिक, तो पुढे करण्याचा मोह व्यापारात असतोच. काही जेनेरिक औषधांवर छापील किंमत भरमसाट असते, खरेदीची किंमत मात्र अत्यल्प असते आणि मधला लाभ रुग्णापर्यंत पोहोचत नाही. म्हणून 'जेनेरिक' या शब्दावर समाधान न मानता छापील किंमत पाहिली पाहिजे. जनऔषधी केंद्रांत ही अडचण बरीच कमी होते. २००८ साली सुरू झालेल्या या योजनेतील केंद्रांची संख्या २०२५ च्या प्रारंभी १५ हजारांवर गेली असून, तेथील औषधे नामांकित ब्रँडपेक्षा ५० ते ८० टक्के स्वस्त असल्याचे शासन सांगते.

गुणवत्तेचा प्रश्न मात्र टाळून चालणार नाही. नागपूर जिल्ह्यात शासकीय रुग्णालयाला पुरविलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या बनावट निघाल्या. २०२४ मध्ये दाखल झालेल्या आरोपपत्रानुसार त्यांत औषधाऐवजी टाल्कम पावडर आणि स्टार्च होते. त्याच वर्षाच्या अखेरीस अंबाजोगाईच्या शासकीय रुग्णालयातील अझिथ्रोमायसिनच्या गोळ्याही बनावट असल्याचे उघड झाले. गरिबाच्या जिवाशी खेळणाऱ्या या टोळ्यांना कठोर शासन झालेच पाहिजे. परंतु त्यावरून जेनेरिक औषधालाच दोष देणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखे आहे. बनावट औषध ही गुन्हेगारी आहे आणि तिचा डोळा नामवंत ब्रँडवरही असतो. म्हणूनच ऑगस्ट २०२३ पासून सर्वाधिक खपाच्या तीनशे ब्रँडच्या वेष्टनांवर क्यूआर कोड अथवा बारकोड अनिवार्य करावा लागला. ग्राहकाने परवानाधारक दुकानातूनच औषध घ्यावे, बॅच क्रमांकासह पावती मागावी, मुदत पाहावी आणि शंका आल्यास पट्टी न फेकता अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी.

पर्याय सुरू केल्यानंतरही लक्ष ठेवावे लागते. जुने आणि नवे औषध एकाच घटकाचे असताना दोन्ही एकदम घेण्याची चूक होऊ नये. अंगावर पुरळ, चेहऱ्यावर सूज किंवा श्वासाचा त्रास झाला तर औषध थांबवून तत्काळ डॉक्टरांना गाठावे. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, तर स्वतःच्या मनाने दुसरे औषध आणण्याऐवजी रिकामी पट्टी घेऊन डॉक्टरांकडे परत जावे. कदाचित निदान वेगळे असेल, कदाचित जंतू त्या औषधाला दाद देत नसतील. आणि साध्या सर्दी-पडशाला प्रतिजैविक लागतच नाही, मग ते महाग असो वा स्वस्त.

पेनिसिलीनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच इशारा दिला होता की, अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट त्यांना औषध पचविण्याचे शिक्षण मिळते. तो इशारा आज खरा ठरला आहे. एकट्या २०१९ मध्ये औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार लोकांचे प्राण गेल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे. पैशाअभावी अर्ध्यावर सोडलेले औषध ही केवळ त्या घराची हानी नाही. दाद न देणारा जंतू वस्तीतून वस्तीत जातो, तो श्रीमंत-गरीब असा भेद करीत नाही. परवडणारे पूर्ण औषध हे म्हणूनच साऱ्या समाजाचे संरक्षण आहे.

यासाठी शासनाने औषध निरीक्षकांची रिक्त पदे भरावीत, प्रयोगशाळांची क्षमता वाढवावी आणि नमुन्यांचे निष्कर्ष औषध रुग्णाच्या पोटात जाण्यापूर्वी हाती येतील अशी व्यवस्था करावी. डॉक्टरांनी मूळ नाव लिहिण्याचा संकल्प करावा. आणि सेवावस्त्यांत आरोग्य केंद्रे चालविणाऱ्या कार्यकर्त्यांनी एवढे करावे: घरी जाऊन चिठ्ठी आणि पट्टी शेजारी-शेजारी ठेवून घटक जुळवून दाखवावेत, जवळच्या जनऔषधी केंद्राचा पत्ता द्यावा आणि पाचव्या दिवशी पुन्हा जाऊन शेवटची गोळी घेतली का, हे विचारावे. हे काम लहान दिसते. परंतु पिंपरीत सात दशकांपूर्वी ज्या हेतूने पेनिसिलीनची पहिली बाटली भरली गेली, तो हेतू पूर्ण होतो तो त्या शेवटच्या गोळीपाशीच.