घर आणि शाळा : मोबाइलातली विहीर



उन्हाळ्याच्या सुट्टीत कडबा रचायचा पडलेला असतो आणि पोरगा ओसरीवर मोबाइलात डोके खुपसून बसतो. तुमचा जीव जळतो, हे खरे. पण एकदा राग गिळून त्याच्याजवळ बसा आणि विचारा, "काय खणतोस रे?"

बहुधा तो 'माइनक्राफ्ट' खेळत असेल. स्वीडनमध्ये तयार झालेला हा खेळ २०११ साली पूर्ण रूपात बाजारात आला. सगळी दुनिया चौकोनी ठोकळ्यांची. त्यात डोंगर, नद्या, वाळवंट. खणा, बांधा, पेरा. डेन्मार्कच्या सरकारी नकाशा खात्याने तर २०१४ साली आपला अख्खा देश या खेळात उभा करून दाखवला. खेळ विकतचा आहे, तेव्हा शिक्षणाच्या नावाखाली मुद्दाम घेऊ नका. घरात असेलच, तर मात्र त्यातून भूगोल काढून घ्या.

खेळातले पाणी सपाट जागी सात ठोकळे जाते आणि थांबते. पुढे न्यायचे तर एक पायरी खाली उतरावे लागते. बारे देताना उतार कसा धरावा, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. पोराला मात्र ते इथे कळते. मग जिल्ह्याचा नकाशा पुढे ठेवा आणि येलदरीपासून गोदावरीला मिळेपर्यंतची पूर्णा त्याला खेळात काढायला सांगा. पैठणहून जायकवाडीचा डावा कालवा आपल्याकडे येतो तो कोणत्या बळावर, हे तो आपणच सांगेल.

तापलेल्या लाव्ह्यावर पाणी पडले की खेळात क्षणात दगड होतो. इथे थोडे थांबा. आपली विहीर खणताना सुरुंग लावून फोडलेला काळा कातळ असाच लाव्हा निवून झाला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा उसळला, थरावर थर बसले. जिंतूरकडचे डोंगर त्याचेच, गंगाखेडच्या दक्षिणेचा बालाघाटही त्याचाच. तो खडक ऊनपावसाने झिजत गेला आणि आपली कापसाची काळी झाली. पोराला ढेकूळ हातात घेऊ द्या.

आता या खेळातली मोठी खोट. दोन ठोकळे लांब, दोन रुंद असा खड्डा घ्यायचा, समोरासमोरच्या तिरप्या कोपऱ्यांत एकेक बादली ओतायची, की झाली विहीर! कितीही उपसा, आटत नाही. अशी विहीर कुणाला नको आहे? पण २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा खेळणारी ही पोरे तान्ही होती किंवा जन्मलीही नव्हती. त्यांना हे पाणी खरे वाटले तर नवल नाही. आपल्या कातळात पाणी फक्त चिरांत आणि झिजलेल्या मुरमात साठते, आणि ते पावसाचेच असते, हे खेळ सांगत नाही. ते तुम्हीच सांगायचे.

सांगून पटले नाही तर दोराला दगड बांधा आणि दर रविवारी त्याच्या हातून विहिरीचे पाणी मोजून घ्या. काठापासून किती हात, ते त्याने वहीत तारखेसह लिहावे. मृगापर्यंत आणि नंतर पोळ्यापर्यंत. कठड्यापाशी मात्र तुम्ही स्वतः उभे राहा.