करापुरती मालमत्ता

क्रिप्टोच्या नफ्यावर २०२२पासून ३० टक्के कर लागतो. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, वर विक्रीवर १ टक्का टीडीएस. म्हणजे सरकारला ही मालमत्ता दिसते, पण फक्त वसुलीच्या वेळी!

जुलै २०२४मध्ये वझीरएक्समधून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली. भारतीय ग्राहकांना किती परत मिळणार, हे ठरलं सिंगापूरच्या कोर्टात. ‘जुगार खेळलात, भोगा’ हे उत्तर मला मान्य नाही. शेअर बाजारातही लोक बुडतात. तिथे निदान सेबी आहे.

क्रिप्टो ही मालमत्ताच, असं २०२५मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सांगितलं. संसदेचं काम एका ग्राहकाच्या अर्जावर न्यायाधीशांना करावं लागलं.