राजवंशाची मातृभाषा : एका सदोष प्रश्नाची चिकित्सा

देवगिरीचे यादव मराठी की कानडी, हा प्रश्न मराठी आणि कानडी अभ्यासविश्वांत गेली अनेक दशके विचारला जात आहे, आणि त्याचे उत्तर बहुधा विचारणाऱ्याच्या गावावरून आधीच ओळखता येते. ज्याचे उत्तर पुराव्यापूर्वीच निश्चित असते, त्याला प्रश्न म्हणणे हा केवळ उपचार होय. तो वस्तुतः एक अर्ज असतो : आम्ही येथे आधी होतो, सबब ही भूमी, हे दैवत आणि ही राजसत्ता आमच्या नावे लावावी. इतिहासाच्या दप्तरात दाखल झालेल्या या अर्जाची चिकित्सा वाङ्मयसमीक्षेने करणे अगत्याचे आहे. कारण वादातला पुरावा शिलालेख, ताम्रपट, वंशावळी आणि ग्रंथांच्या पुष्पिका असा मुख्यतः संहितांचा आहे, आणि संहिता कशी वाचावी हे सांगणे समीक्षेचेच काम आहे.

हा वाद हिरिरीने चालविणारे बहुसंख्य लोक व्यवसायाने इतिहासकार नाहीत. तालुक्याचा इतिहास, देवस्थानाची स्मरणिका, गौरवग्रंथ, कोशातील नोंदी ही कामे विनावेतन आणि बरेचदा पदरमोड करून अंगावर घेणारी ती हौशी संपादक मंडळी आहेत. त्यांच्या श्रमाविषयी अनादर बाळगण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातील इतिहाससंशोधनाची उभारणीच अशा स्वयंसेवी संपादनातून झाली आहे. परंतु सामान्य वाचकापर्यंत आणि पुढे वर्गापर्यंत पोहोचते ते प्रायः याच मंडळींचे लेखन. म्हणून त्यांच्या पद्धतीतील दोष हा खासगी दोष राहत नाही.

दोन्ही पक्षांची बाजू प्रथम नीट मांडली पाहिजे. कानडी पक्षाजवळ यादवांचे विपुल कानडी शिलालेख आहेत, धाडियप्प, राजुगी, वड्डिग अशी आरंभीच्या पुरुषांची नावे आहेत, आणि राष्ट्रकूट व कल्याणीचे चालुक्य यांच्याशी असलेले मांडलिकत्वाचे व सोयरिकीचे संबंध आहेत. मराठी पक्षाजवळ सिन्नर-नाशिक परिसरातील सेउणदेश आहे, रामचंद्राच्या काळातील मराठी लेख आहेत, आणि ज्ञानेश्वरीच्या समाप्तीत आलेला त्याच राजाचा उल्लेख आहे. हेमाद्रीने दिलेली वंशावळ तर या दोहोंना ओलांडून थेट कृष्णाच्या द्वारकेला जाऊन भिडते. ती मात्र कोणत्याच पक्षाला सोयीची नसल्यामुळे 'काव्य' म्हणून बाजूस ठेवली जाते. आपल्या सोयीचे ते इतिहास आणि गैरसोयीचे ते काव्य, हा संहितावाचनाचा नियम कोणत्या शास्त्रातून आला, हे दोन्हीकडचे संपादक सांगत नाहीत.

या वादाचा कालक्रमही बोलका आहे. भाषावार राज्यपुनर्रचना १९५६ ची, महाराष्ट्राची स्थापना १९६० ची, महाजन आयोगाची नियुक्ती १९६६ ची आणि त्याचा अहवाल १९६७ चा. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत यादवांवर तीन स्वतंत्र इंग्रजी ग्रंथ निघाले : ओ. पी. वर्मा यांचा नागपूरहून १९७० मध्ये, अ. वे. नरसिंहमूर्ती यांचा म्हैसूरहून १९७१ मध्ये आणि श्रीनिवास रित्ती यांचा धारवाडहून १९७३ मध्ये. या अभ्यासकांच्या विद्वत्तेविषयी शंका घेण्याचे प्रयोजन नाही. आक्षेप आहे तो त्यांच्या ग्रंथांतून आपापल्या सीमेपुरते उतारे कापून घेणाऱ्यांवर.

या कापाकापीचा सर्वांत ठळक नमुना श्रवणबेळगोळचा आहे. गोमटेश्वराच्या पायाशी असलेला, चावुंडराजाने मूर्ती करविल्याचे सांगणारा मराठी लेख 'मराठीतील पहिले वाक्य' म्हणून विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी पाठ केला. अक्षीचा शके ९३४ चा मानला गेलेला लेख आणि हत्तरसंग कुडलचा शके ९४० चा लेख पुढे आल्यानंतर अग्रमानाचा वाद सुरू झाला, हे ठीकच. परंतु त्याच मूर्तीपाशी तेच विधान कानडीत आणि तमिळमध्येही कोरलेले आहे, हे त्या पिढ्यांतील किती जणांना सांगितले गेले? लेखाच्या भाषेवरून मातृभाषा ठरत असेल, तर चावुंडराजाला तीन माता मानाव्या लागतील. लेखाची भाषा कोरवून घेणाऱ्याचे रक्त सांगत नाही, तो लेख कोणी वाचावा अशी अपेक्षा होती ते सांगते. तेथे येणारा यात्रेकरू तीन भाषांचा होता, म्हणून लेख तीन भाषांत झाला. सिंघणाची सत्ता दक्षिणेकडे पसरल्यावर तेथील दानलेख कानडीत निघाले, यामागेही हेच साधे व्यवहारज्ञान आहे. तेथील अग्रहाराला आणि तेथील गावकऱ्याला जे समजले पाहिजे ते त्यांच्याच भाषेत लिहिणे, याला राज्यकारभार म्हणतात. त्यात वंशाची कबुली शोधणे व्यर्थ आहे.

असा वाद केवळ सह्याद्रीच्या आसपासच चालतो असे नाही. ट्रान्सिल्व्हेनियात आधी कोण होते, रोमन वसाहतींचे वंशज म्हणविणारे रुमेनियन की नवव्या शतकाच्या अखेरीस आलेले हंगेरियन, हा युरोपातील त्याच जातीचा वाद आहे. त्याचा एक मुख्य आधार म्हणजे बेला राजाच्या एका अनामिक लेखनिकाने सुमारे १२०० मध्ये लॅटिनमध्ये लिहिलेला हंगेरियनांच्या पराक्रमाचा ग्रंथ. हंगेरियनांनी तो प्रदेश जिंकला तेव्हा तेथे व्लाखांचा गेलू नावाचा नायक होता, असे तो सांगतो. हा ग्रंथ हंगेरीचा. पण आज त्यावर विश्वास ठेवतात ते मुख्यतः रुमेनियन अभ्यासक, आणि संशय घेतात ते हंगेरियन. वाचनाची दिशा पुराव्यापेक्षा गरजेने ठरते, याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण. १७९१ मध्ये ट्रान्सिल्व्हेनियातील रुमेनियनांनी सम्राट लिओपोल्डकडे हक्कांचा अर्ज केला तेव्हा रोमन पूर्वजांची साक्ष काढली. १८७१ मध्ये रोस्लरने रुमेनियन हे डॅन्यूबच्या दक्षिणेकडून उशिरा आले असे प्रतिपादन केले, तेव्हा ते हंगेरियन राजकारणाला आयतेच मिळाले. १९८६ मध्ये बुडापेस्टच्या विज्ञान अकादमीने ट्रान्सिल्व्हेनियाचा तीन खंडांतील इतिहास प्रसिद्ध केला, आणि त्याच्या निषेधाची पानभर जाहिरात १९८७ मध्ये लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये झळकली. ग्रंथाचे परीक्षण जाहिरातीच्या पानावर होऊ लागले की विद्येचे काम संपले असे समजावे.

मराठी वाचकाने या परक्या भांडणाकडे कौतुकाने पाहण्याचे कारण नाही. जुन्नरचेच पाहावे. नाणेघाटातील नागनिकेचा लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहे. तेथील एका नामलेखात 'महारठि' ही संज्ञा येते. मराठीच्या अभिजाततेसाठी रंगनाथ पठारे समितीने सिद्ध केलेल्या अहवालात या लेखाला मानाचे स्थान मिळाले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, आणि त्याच निर्णयात प्राकृतलाही दिला. मग नाणेघाटाचा लेख कोणाच्या खात्यावर जमा करावयाचा? मराठी ही महाराष्ट्री प्राकृताची उत्तराधिकारिणी आहे, असे म्हणणे रास्त आहे. परंतु वारसाने मृत्युपत्राची तारीख स्वतःची जन्मतारीख म्हणून सांगणे रास्त नव्हे. सातवाहनांवर तेलुगू अभ्यासकांनी पुराणांतील 'आंध्र' या नावाच्या आणि कोटिलिंगाल येथील नाण्यांच्या आधारे हक्क सांगितला आहे. राजवंशांवरचे दावे किती सहज दाखल होतात, ते यावरून दिसावे.

पण हे गाव कोणत्याच दाव्यात मावत नाही. जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांची दाने आहेत. मानमोडीच्या लेण्यात क्षत्रप नहपानाच्या अमात्याचा लेख आहे. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी येथे पावसाळाभर अडकून पडला. १४९० मध्ये येथूनच मलिक अहमदाने निजामशाही उभी केली. फिरिश्त्याच्या मते त्याचा बाप मूळचा ब्राह्मण, विजयनगरकडून बालपणी पकडून आणलेला, आणि त्याच्या घराण्याचा संबंध पाथरीशी. पुढे हबशी मलिक अंबरने काही काळ जुन्नरलाच राजधानी आणली. १६३० मध्ये शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. खेड ओलांडून मंचरकडे जाताना लागणाऱ्या पेठ या गावाचे नावही या दृष्टीने उद्‌बोधक आहे. तोच शब्द कानडीत पेटे, तेलुगूत पेट, तमिळमध्ये पेट्टै असा नांदतो. स्थलनामांवरून प्रथम वस्ती ठरविणाऱ्यांनी या गावाला कोणत्या राज्यात घालावे? पेठ म्हणजे जेथे परगावचा माणूस माल घेऊन येतो ती जागा. येथे आधी कोण आले, हा प्रश्न बाजाराला विचारण्याजोगा नव्हे.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. बेळगाव-निपाणीतील मराठी माणसाचे गाऱ्हाणे खरे आहे, महाराष्ट्र शासनाने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आहे, अशा वेळी यादवांवरचा हक्क सोडणे म्हणजे प्रतिपक्षाच्या हाती शस्त्र देणे, असे म्हटले जाईल. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. सीमाभागातील मराठी माणसाचा हक्क तो आज बोलत असलेल्या भाषेवर आणि त्याच्या मुलाला मिळावयाच्या शाळेवर उभा आहे. तो तेराव्या शतकातील राजाच्या मातृभाषेवर उभा केला, तर उद्या एखाद्या शेतात सापडलेला ताम्रपट तो हिरावून घेऊ शकेल. शिवाय हे शस्त्र दुधारी आहे. 'कविराजमार्गा'ने नवव्या शतकात कानडी देशाची सीमा कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितली आहे. प्राचीनतेचा न्याय मान्य केला की गोदावरीपर्यंतचा दावाही ऐकून घ्यावा लागेल.

मराठी वाङ्मयाच्या दृष्टीने तर राजाची भाषा ही गौण बाब आहे. लीळाचरित्र आणि ज्ञानेश्वरी ही दरबाराने पोसलेली निर्मिती नव्हे. यादवांचा राजाश्रय प्रामुख्याने संस्कृत विद्येकडे आणि ब्राह्मणांच्या दानांकडे वळलेला होता, हे ख्रिश्चन नोव्हेट्झके यांनी २०१६ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडले आहे. ज्यांनी मराठीत ग्रंथ रचले त्यांना राजा मराठी असण्याची वाट पाहावी लागली नाही. विठ्ठलाला 'कानडा' म्हणताना संतांना संकोच वाटला नाही, आणि रा. चिं. ढेरे यांनी १९८४ मध्ये त्या दैवताचा शोध 'महासमन्वय' या संज्ञेखाली घेतला, तेव्हा पंढरपूरचे महत्त्व उणे झाले नाही.

प्रश्न अखेर संपादनधर्माचा आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडाखंडांनी छापली. त्याच राजवाड्यांनी 'राधामाधवविलासचंपू'च्या १९२२ च्या प्रस्तावनेत वंश आणि वसाहती यांविषयीच्या कल्पनांना मोकळे रान दिले. आज त्या कल्पना प्रमाण म्हणून कोणी घेत नाही. साधने मात्र राहिली, कारण ती छापताना प्रतिपक्षाला उपयोगी पडेल तो कागद गाळावा, असा हिशेब त्यांनी केला नाही. दुसरे उदाहरण विष्णु सीताराम सुकथनकरांचे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे हे भावी प्रधान संपादक मराठी होते, आणि भांडारकर संस्थेच्या मुखपत्राच्या पहिल्याच खंडात त्यांनी सातवाहनांचे मूळ स्थान बेल्लारीच्या बाजूला दाखविले. ते बरोबर होते की नाही, हा स्वतंत्र विषय. आपल्या प्रांताच्या विरुद्ध जाणारा पुरावा त्यांनी प्रांताकडे न पाहता तपासला, हे महत्त्वाचे.

स्वयंसेवी संपादकांकडून याहून अधिक काही मागावयाचे नाही. लेख संपूर्ण छापावा, शेजारचा दुसऱ्या भाषेतला लेखही छापावा, तो कोठे, कोणासाठी आणि कोणत्या व्यवहारात कोरला गेला ते सांगावे, आणि विरोधी वाचन तळटिपेत न दडपता मजकुरात द्यावे. एवढे केले तर 'यादव कोण होते' या प्रश्नाचे उत्तर कदाचित मिळणार नाही. परंतु यादवांच्या राज्यात कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलत होते, हे कळू लागेल. इतिहासाला आणि वाङ्मयाला उपयोगी पडणारा प्रश्न तोच आहे.